परवानगीची खिडकी आणि ख्रिस्ती मनुष्याचें कर्तव्य

एका खेड्यांतील उपदेशक बंधूंनीं आम्हांस एक प्रश्न विचारला आहे. तो प्रांजळपणें विचारला आहे, म्हणून त्याचें उत्तरही तितक्याच प्रांजळपणें देणें आम्हांस भाग आहे. त्यांच्या मंडळीनें तालुक्याच्या गांवीं मंडळीच्या जागेंत पाळकांसाठीं घर बांधावयाचें ठरविलें. वर्गणी जमली, विटा-वाळूचा सौदा झाला, आणि नगरपरिषदेकडे बांधकाम परवानगीचा अर्ज गेला. ज्या खिडकीवर तो अर्ज दिला तेथें बसणारा तरुण ह्याच मंडळींत बाप्तिस्मा पावलेला व हिच्याच शब्बाथशाळेंत शिकलेला आहे. पावसाळा तोंडावर आला आहे. "आमचा कागद चार कागदांच्या वर ठेव, एवढेंच त्याला म्हटलें तर त्यांत पाप आहे काय? आम्ही त्याला पैसा देत नाहीं, खोटें लिही म्हणत नाहीं," असें ते बंधु विचारतात.

प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु आपल्यांतील पुष्कळ मुलें आज शिकून कचेऱ्यांत लागलीं आहेत, आणि आपल्यांतील त्याहून पुष्कळ माणसें त्या कचेऱ्यांच्या दारांशीं उभीं राहतात. यास्तव ह्या प्रश्नाचा विचार खिडकीच्या दोन्ही बाजूंस उभें राहून केला पाहिजे.

प्रथम खिडकीवर बसणाऱ्याचें काम काय, तें पाहूं. पुष्कळांस वाटतें कीं परवानगी तोच देतो. तसें नाहीं. परवानगीवर सही मुख्याधिकाऱ्याची असते. नकाशा तपासतो तो अभियंता किंवा नगररचना शाखेचा रचना सहायक. खिडकीवरचा मनुष्य अर्ज घेतो. त्यास सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका जोडली आहे काय, मोजणीचा नकाशा आहे काय, परवानाधारक अभियंत्याची किंवा वास्तुविशारदाची सही आहे काय, फी भरली आहे काय, हें तो पाहतो. मग आवक नोंदवहींत क्रमांक घालतो, पोंच देतो, नस्ती पुढच्या मेजावर पाठवितो, आणि तेथें कांहीं त्रुटि निघाली तर ती अर्जदारास कळवितो. अलीकडे अनेक ठिकाणीं हे अर्ज संगणकावरून करावे लागतात. तथापि कागदांचा अर्थ समजून घेण्यासाठीं गरीब मनुष्य अजून त्या खिडकीशींच येऊन उभा राहतो. गांवठाणांत घर बांधावयाचें तर १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणें पंचायतीची परवानगी लागते. तेथें खिडकीच्या जागीं एक मेज असतें, एवढाच भेद. तात्पर्य, "होय" म्हणण्याचा अधिकार ह्या मनुष्यास नाहीं, आणि "नाहीं" म्हणण्याचाही नाहीं. त्याच्या हातीं लोकांचा वेळ मात्र आहे.

आणि गरिबाचा वेळ म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. एस. टी. चें भाडें, एका दिवसाची बुडालेली मजुरी, शेजारणीकडे सोंपविलेलें लेंकरूं, आणि दुपारीं ऐकूं आलेले "उद्यां या" हे दोन शब्द. "सरकारी काम, सहा महिने थांब" ही म्हण लोकांनीं हंसण्यासाठीं केलेली नाहीं. हेलपाट्यांनीं झिजलेल्या वहाणांतून ती निघाली आहे. मोठ्या मनुष्यास सरकार म्हणजे मंत्री, आमदार, ओळखीचा साहेब. ज्यास कोणी ओळखत नाहीं त्यास ती खिडकी हेंच सगळें सरकार.

आतां कोणी म्हणेल कीं, हे नियमच मुळीं जाच आहेत. माझ्या जागेंत मी घर बांधतों, त्यास परवानगी कशाला? ह्यास पवित्र शास्त्रांतच उत्तर आहे. अनुवादाच्या पुस्तकांत परमेश्वरानें इस्राएल लोकांस आज्ञा दिली कीं, नवें घर बांधशील तर गच्चीला कठडा कर, म्हणजे कोणी पडून मेल्यास त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येणार नाहीं. हा बांधकामाचा नियमच नव्हे काय? घर आपलें असलें तरी त्यावरून पडणारा मनुष्य शेजाऱ्याचा मुलगा असूं शकतो. आजच्या नियमांत घराच्या चोहों बाजूंस जें सामासिक अंतर सोडावयास सांगतात तें हवा, उजेड व आगीचा बंब ह्यांसाठीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां दाटीवाटीच्या अंधाऱ्या चाळींत माणसें कशीं मेलीं तें पाहून सरकारनें १८९८ सालीं शहर सुधारण्यासाठीं निराळें मंडळ नेमिलें. पुढें १९१५ सालीं मुंबई इलाख्यांत नगररचनेचा कायदा झाला. आज महाराष्ट्रांत जो मुख्य कायदा चालतो तो १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम होय. आणि नियम मोडल्यानें काय होतें हेंही आपण पाहिलें आहे. ४ एप्रिल २०१३ रोजीं ठाण्याजवळ मुंब्रा भागांत एक अनधिकृत बहुमजली इमारत कोसळली, आणि ७४ माणसें गेलीं. त्यांत पुष्कळ लहान मुलें होतीं. त्या प्रकरणीं बांधणाऱ्यांबरोबर महानगरपालिकेच्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली. तेव्हां नियम हा गरिबाचा शत्रु नव्हे. बहुधा गरीबच त्या भिंतीखालीं सांपडतो.

परंतु चांगल्या नियमाच्या आड वाईट मन लपूं शकतें, आणि खिडकीवरच्या मनुष्याची खरी परीक्षा येथें आहे. १९६६ च्या कायद्यांत असें आहे कीं, अर्ज आल्यापासून ६० दिवसांच्या आंत निर्णय कळविला नाहीं, तर नियमांत बसणाऱ्या बांधकामास परवानगी मिळाली असें मानावें. ही गरिबासाठीं ठेविलेली मोठी दया आहे. परंतु त्यांतच असेंही आहे कीं, कचेरीनें कांहीं माहिती मागितली असेल तर ते ६० दिवस अर्जदाराचें उत्तर आल्यापासून मोजावे. प्रामाणिक मनुष्याच्या हातीं ही तरतूद न्याय्यच आहे, कारण अपुऱ्या कागदांवर निर्णय कसा द्यावा? परंतु लबाड मनुष्य काय करितो? पहिल्या दिवशीं दिसलेल्या तीन त्रुटींपैकीं एक आज सांगतो, दुसरी अठ्ठावन्नाव्या दिवशीं, आणि तिसरी त्यानंतर. त्यानें कायदा मोडला असें कोणास दाखवितां येत नाहीं. त्यानें पैसाही मागितला नाहीं. तो केवळ थांबतो, आणि समोरच्यास कधीं समजेल ह्याची वाट पाहतो.

अशा मनुष्याचें चित्र प्रेषितांच्या कृत्यांत आहे. फेलिक्स सुभेदारानें पौलास दोन वर्षें बंदींत ठेविलें. त्यानें पौलास दोषी ठरविलें नाहीं आणि सोडलेंही नाहीं. पौलाकडून पैसा मिळेल ह्या आशेनें तो त्यास वरचेवर बोलावून त्याच्याशीं गोड बोलत असे. फेलिक्सानें उघड लांच मागितल्याचें लिहिलेलें नाहीं. निर्णय लांबणीवर टाकणें हीच त्याची मागणी होती. १९८८ चा लांचलुचपतीचा कायदा घेणाऱ्यास शिक्षा देतो, आणि २०१८ च्या दुरुस्तीनें देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र ज्यास बळजबरीनें द्यावें लागलें त्यानें सात दिवसांच्या आंत पोलिसांस किंवा तपास करणाऱ्या खात्यास कळविलें तर तो सुटतो. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमानें विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड ठेविला आहे. हे कायदे चांगले आहेत. परंतु मनांतल्या फेलिक्सास ते पुरते पोंचत नाहींत. तेथें प्रभूचें भय पाहिजे.

इतकें पाहून आतां उपदेशक बंधूंच्या प्रश्नाकडे वळूं. पैसा नाहीं, खोटें नाहीं, केवळ कागद वर ठेवावयाचा. येथें "आम्ही" हा शब्द सोडून "मी" म्हणणें मला भाग आहे, कारण मीं स्वतः कांहीं वर्षें एका नगरपरिषदेंत अशाच खिडकीमागें काढिलीं आहेत.

एका वर्षीं वैशाखांत आमच्या मंडळीचे एक वडील माझ्याकडे आले. लहानपणीं त्यांनीं मला मांडीवर खेळविलें होतें. त्यांच्या मुलाच्या घराचा अर्ज होता. त्यांनीं मागितलें कांहींच नाहीं, केवळ म्हणाले, "बाळा, तूं आहेस म्हणून बरें वाटतें." त्यांची नस्ती आठव्या क्रमांकावर होती, ती मीं दुसऱ्या क्रमांकावर ठेविली. अभियंत्यांनीं त्या आठवड्यांत सात नस्त्या पाहिल्या. मग त्यांची निवडणुकीच्या कामावर नेमणूक झाली, आणि कित्येक आठवडे ते मेजावर आले नाहींत. जी नस्ती सातवी होती ती आठवी झाली, व तशीच राहिली. ती एका विधवा बाईची होती. ती आपल्या मंडळीची नव्हती. मी तिला ओळखतही नव्हतों. सातवा क्रमांक पाहून मींच तिला सांगितलें होतें, "ह्या आठवड्यांत होईल, बाई." त्या भरंवशावर तिनें जुनें छप्पर उतरविलें होतें. मृग लागला तेव्हां ती दोन मुलांसह शेजाऱ्याच्या ओसरीवर, पत्र्याच्या व ताडपत्रीच्या आडोशाला राहत होती. श्रावणांत परवानगी घ्यावयास आली, तेव्हां तिनें मला हात जोडून म्हटलें, "तुमचे उपकार झाले, साहेब." मीं मान खालीं घालून वहीवर तिची सही घेतली. खरें काय घडलें तें तिला सांगण्याचें धैर्य मला झालें नाहीं. आजपर्यंत तो हिशेब माझ्याकडे येणें राहिला आहे.

त्या वडिलांनीं पाप केलें असें मला वाटत नाहीं. त्यांस त्या बाईचें नांवही ठाऊक नव्हतें. परंतु मला तर ठाऊक होतें. वहींत तिचा क्रमांक माझ्याच अक्षरानें लिहिलेला होता. त्या दिवसापासून एक गोष्ट मला स्पष्ट कळली: रांगेंतील क्रम ही खिडकीवरच्या मनुष्याची मालमत्ता नव्हे. मी माझ्या खिशांतून देतों तेव्हां तें दान होय. मी रांगेंतील जागा देतों तेव्हां ती कोणाच्या तरी पदरांतून काढून देतों, आणि ज्याच्या पदरांतून काढिली त्यास तें कळतही नाहीं.

ह्यावर कोणी उपदेशक म्हणेल, "पौलानें गलतीकरांस लिहिलें आहे कीं सर्वांचें बरें करावें, आणि विशेषेंकरून विश्वासाच्या घराण्यांतल्यांचें करावें. मग आपल्या माणसाचें काम आधीं केलें तर बिघडलें कोठें?" हा आक्षेप मोठा आहे, व तो टाळून चालणार नाहीं. परंतु ह्या उपदेशांत दुसऱ्याचें घेऊन आपल्यास देण्याची मोकळीक कोठें आहे? आपल्या कष्टाचें, आपल्या रविवारच्या विश्रांतीचें, आपल्या घरच्या भाकरीचें आपण विशेषेंकरून मंडळीस द्यावें. कोणी आड येणार नाहीं. न्यायाच्या ठिकाणीं मात्र याकोबाची ताकीद लागू आहे. सभेंत सोन्याच्या अंगठीवाल्यास चांगली जागा आणि मळक्या वस्त्रांच्या गरिबास पायाशीं जागा देणें ह्यास याकोबानें पक्षपात म्हटलें. अंगठीच्या जागीं ओळख असली, म्हणून दोष कमी होतो काय? ज्यांस पिढ्यान् पिढ्या वशिला नव्हता अशा घरांतून आपण बहुतेक आलों. वशिल्यानें आपल्या आजोबांस ज्या पायरीवर बसविलें, त्याच पायरीवर आतां आपण दुसऱ्याच्या आजोबांस बसवावें काय?

तर मग आपल्या मुलानें खिडकीवर बसून आपल्यावर, किंवा कोणावरही, दया करूंच नये काय? करावी, आणि पुष्कळ करावी. परंतु जी दया तो सर्वांवर करूं शकतो ती करावी. पहिली ही कीं, ज्या ज्या त्रुटि असतील त्या सर्व एकाच वेळीं, पहिल्याच दिवशीं, सोप्या मराठींत लिहून द्याव्या. ही एक गोष्ट केली तर गरिबाचे निम्मे हेलपाटे वांचतात. दुसरी ही कीं, अर्जदारास जें दार ठाऊक नाहीं तें दाखवावें. २०२० सालीं राज्यांत एकत्रिकृत नियमावली आली. तींत १५० चौरस मीटरपर्यंतच्या लहान भूखंडांसाठीं परवानगीची रीत पुष्कळ सोपी केली आहे. परवानगी नाकारली तर कायद्यांत अपिलाची सोय आहे. एखाद्यानें अज्ञानानें परवानगीवांचून घर बांधलें आणि त्यास पाडण्याची नोटीस आली, तर नोटिशीच्या मुदतींत तें बांधकाम ठेवूं देण्यासाठीं अर्ज करितां येतो. नोटीस हातांत घेऊन रडणाऱ्या म्हाताऱ्यास हें सांगण्यास एक मिनिट लागतें. तें एक मिनिट न देणें हीही एक प्रकारची चोरी आहे, कारण तें ज्ञान कचेरीचें आहे व कचेरी लोकांची आहे. तिसरी ही कीं, नकाशा नियमांत बसत नसेल तर तसें स्पष्ट सांगावें. "बघूं, कांहीं तरी करूं" हे शब्द कानाला गोड लागतात, परंतु त्यांच्या भरंवशावर माणसें छप्परें उतरवितात.

दिवाळीच्या मिठाईविषयींही दोन शब्द लिहितों. काम झाल्यावर आनंदानें आणिलेला पेढा वाईट कसा, असें मलाही वाटे. परंतु पुढच्या खेपेस पेढा आणणाऱ्याचा चेहरा ओळखीचा होतो, आणि न आणणाऱ्याचा होत नाहीं. नहेम्या यरुशलेमेंत अधिकारी होता. अधिकाऱ्याची म्हणून जी शिधासामग्री लोकांकडून घेण्याची वहिवाट होती ती त्यानें बारा वर्षें घेतली नाहीं, कारण लोकांवर भार जड होता आणि त्यास देवाचें भय होतें. त्याचा हक्क असूनही त्यानें घेतलें नाहीं. जो आपला हक्कच नाहीं तो आपण कसा घ्यावा?

त्याच नहेम्यापासून मंडळीनेंही शिकावें. तो तट बांधावयास निघाला तेव्हां आधीं राजाकडे गेला, नदीपलीकडच्या सुभेदारांसाठीं पत्रें मागून घेतलीं, आणि लांकडासाठीं राजाच्या वनाचा रक्षक आसाफ ह्यास निराळें पत्र घेतलें. काम देवाचें आहे म्हणून कागद नकोत, असें तो म्हणाला नाहीं. वेळेवर, पुरते कागद मागितले. आपण मात्र पावसाळा आठ दिवसांवर आला म्हणजे सातबारा शोधूं लागतों, आणि मग खिडकीवरच्या आपल्या मुलाच्या विवेकावर ओझें टाकितों. उपदेशकांनीं व वडिलांनीं हिवाळ्यांतच लोकांस जवळ बसवून कोणते कागद लागतात तें समजावून सांगावें. तो तरुणही सुटीच्या दिवशीं येऊन हें शिकवूं शकेल. मात्र त्या बैठकीस शेजारच्या सर्व वस्तीला बोलवावें. ही मदत त्याच्या स्वतःच्या वेळांतून दिलेली असल्यामुळें ती देण्यास तो मोकळा आहे.

आणखी एक गोष्ट त्या तरुणासाठीं, कारण हें काम नीरस वाटतें व त्यांत नांव नाहीं. बाबेलाहून परत आलेले लोक यरुशलेमेंत मंदिर बांधीत होते. सुभेदार तत्तनइ येऊन विचारूं लागला, हें बांधण्याची परवानगी तुम्हांस कोणी दिली? त्यांनीं कोरेश राजाचें नांव सांगितलें. परंतु कोरेश केव्हांच मेला होता. मग दारयावेश राजानें दफ्तर शोधविलें, आणि मेदी प्रांतांतील राजवाड्यांत ती गुंडाळी सांपडली. तिच्यांत मंदिराची उंची व रुंदी साठ साठ हात, मोठ्या दगडांचे तीन थर व लांकडाचा एक थर, आणि खर्च राजाच्या खजिन्यांतून, असें सर्व लिहिलेलें होतें. काम थांबलें नाहीं. ती गुंडाळी कोणी लिहिली, कोणी जपून ठेविली, त्याचें नांव एज्राच्या पुस्तकांत नाहीं. तो आपल्या लोकांपैकीं नव्हता असें दिसतें. त्यानें एक परकी नोंद खरी लिहिली व नीट ठेविली, आणि पुष्कळ वर्षांनीं तिच्यावर देवाचें मंदिर उभें राहिलें.

तेव्हां उपदेशक बंधूंस आमचें उत्तर असें: आपल्या मुलास कागद वर ठेवावयास सांगूं नका. त्यानें आपण होऊन ठेविला तर त्यास खालीं ठेवावयास सांगा. पाळकांचें घर एक पावसाळा उशिरां उभें राहिलें तरी मंडळीची हानि होणार नाहीं. परंतु त्याच्या पायाखालीं कोणा अनोळखी बाईचें ओलें अंथरूण असेल तर त्या घरांतली प्रार्थना जड होईल. आणि पुढल्या रविवारीं त्या तरुणाचें नांव घेऊन मंडळींत प्रार्थना करा, कीं त्याच्या खिडकीशीं जो कोणी येईल, ओळखीचा असो कीं बिनओळखीचा, त्यास त्याच्या क्रमानें, पुरतें व खरें उत्तर मिळावें.